वार्षिक वाचनसंकल्प आणि ग्रंथनिवड : बंगळूरच्या मराठी वाचकाच्या संदर्भात

१

वाचनाला नियमाची चौकट घालणे ही गोष्ट मराठी समाजाला अपरिचित नाही. चातुर्मासात घरी पोथी लावणे, सात दिवसांत गुरुचरित्राचे वाचन पुरे करणे, ज्ञानेश्वरीचे पारायण करणे हे सारे कालबद्ध आणि नियमबद्ध वाचनच होय. या वाचनात ग्रंथ ठरलेला असतो आणि काळही ठरलेला असतो; निवडीचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. अलीकडच्या काळात रूढ झालेला वार्षिक वाचनसंकल्प याच्या नेमका उलट आहे. त्यात काळ ठरलेला असतो, सूत्रे ठरलेली असतात; ग्रंथ मात्र वाचकाने शोधावयाचा असतो. 'एक अनुवादित ग्रंथ', 'एक आत्मचरित्र', 'पुराणकथेचे पुनर्कथन', 'पाचशे पृष्ठांहून मोठा ग्रंथ', 'आपल्या शहरात घडणारी कथा' अशी ही सूत्रे असतात आणि वर्षअखेरीपर्यंत प्रत्येक सूत्रापुढे एका ग्रंथाचे नाव लिहावयाचे असते. २०१५ मध्ये 'रीड हार्डर' या नावाने इंग्रजी वाचकांसाठी सुरू झालेल्या अशा एका उपक्रमात चोवीस सूत्रे होती. त्यानंतरच्या दशकात हा प्रकार भारतीय नगरांतील वाचकांतही पसरला.

हा प्रकार वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. परंतु सूत्राला अनुरूप ग्रंथ निवडणे ही क्रिया तपासून पाहिली, तर ग्रंथाचे स्वरूप, वाचकाची भाषिक स्थिती आणि भारतीय साहित्यांचे परस्परसंबंध यांविषयीचे काही मूलभूत प्रश्न तीत गुंतलेले आढळतात. बंगळूरसारख्या बहुभाषिक नगरात राहणाऱ्या मराठी वाचकाच्या बाबतीत हे प्रश्न विशेष तीव्र होतात. म्हणून त्याच्याच उदाहरणाने या निवडीचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

२

दिलेल्या सूत्राला अनुरूप रचना सिद्ध करणे याला भारतीय काव्यपरंपरेत 'समस्यापूर्ती' असे नाव आहे. या परंपरेचा बंगळूरशी आणि मराठीशी असलेला संबंध लक्षणीय आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने केंपेगौडा घराण्याकडून बंगळूर घेतल्यानंतर ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात केले आहे, वि. का. राजवाडे यांनी हा चंपू संपादून १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. दरबारात आलेल्या जयरामाने राजापुढे बारा नारळ ठेवले आणि आपण बारा भाषांत कविता करतो याची ती खूण असल्याचे सांगितले, असा प्रसंग त्यात येतो. ग्रंथाच्या अखेरच्या भागात निरनिराळ्या भाषांतील पद्ये आणि समस्यापूर्ती आहेत. म्हणजे सतराव्या शतकातील बंगळुरात मराठी राजाच्या दरबारात सूत्र एका भाषेतून यावे आणि पूर्ती दुसऱ्या भाषेतून व्हावी, हा व्यवहार नवलाचा असला तरी अशक्य नव्हता.

समस्यापूर्तीचा एक नियम येथे ध्यानात घ्यावयास हवा. दिलेला चरण कसाबसा श्लोकात बसला एवढ्याने पूर्ती उत्तम ठरत नाही. उत्तम पूर्तीत तो चरण त्या श्लोकासाठीच जन्मला असावा असे वाटते. आणि त्याबरोबरच, तो चरण समोर आला नसता तर कवीला तो अर्थ सुचलाच नसता, हेही जाणवते. 'बसणे' आणि 'साधणे' यांतील हा भेद ग्रंथनिवडीलाही लागू पडतो. एखादा ग्रंथ सूत्रात बसतो की नाही हा प्रश्न गौण आहे. सूत्रामुळे काय साधले, हा प्रश्न मुख्य आहे.

३

सूत्र आणि ग्रंथ यांच्या संबंधाचा शास्त्रीय विचार करावयाचा झाल्यास त्यासाठीही बंगळूर सोडून जाण्याचे कारण नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) यांच्या आयुष्याचा उत्तरकाळ याच नगरात गेला आणि १९६२ मध्ये प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांनी येथेच उभारले. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ मध्ये आणि द्विबिंदू वर्गीकरण पद्धती १९३३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. या पद्धतीमागील कल्पना अशी की, ग्रंथाचा विषय म्हणजे एकच एक कप्पा नव्हे. तो अनेक पैलूंच्या संयोगाने बनतो. व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल ही त्या पैलूंची पाच मूलभूत रूपे होत.

वाचनसंकल्पातील प्रत्येक सूत्र म्हणजे असा एखादा सुटा केलेला पैलूच असतो. 'आपल्या शहरातील कथा' हे स्थलाचे सूत्र, 'जन्मवर्षी प्रसिद्ध झालेला ग्रंथ' हे कालाचे सूत्र. ग्रंथ मात्र एकाच वेळी अनेक पैलूंनी युक्त असतो. शशी देशपांडे यांचे उदाहरण पाहावे. त्यांचा जन्म धारवाडचा, वडील कन्नड नाटककार श्रीरंग, वास्तव्य बंगळुरात, लेखन इंग्रजीत. आणि १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली त्यांची 'दॅट लाँग सायलेन्स' ही कादंबरी मुंबईत, दादरच्या घरात घडते. स्त्रीचे लेखन, पुरस्कारप्राप्त ग्रंथ, भारतीय इंग्रजी कादंबरी, महानगरातील कथा अशा किमान चार सूत्रांखाली ती मांडता येते. रंगनाथन यांच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि तिसऱ्याप्रमाणे प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचनसंकल्प हाती घेणारा वाचक दुसऱ्या नियमाचा विचार करतो. तिसऱ्याचा विचार बहुधा राहून जातो. कपाटात वाचकाची वाट पाहत पडलेला ग्रंथ त्याच्याकडे पोहोचावा, हेच सूत्राचे खरे कार्य होय.

४

सूत्रांचे तीन वर्ग करता येतील. पहिला बहिरंगाचा : पृष्ठसंख्या, मुखपृष्ठाचा रंग, शीर्षकातील शब्दसंख्या. दुसरा परिसराचा : लेखकाचे लिंग, भाषा, प्रदेश, प्रसिद्धीचे वर्ष, पुरस्कार. तिसरा अंतरंगाचा : आशय, साहित्यप्रकार, निवेदनाची रीत. बहिरंगाची सूत्रे क्षुल्लक मानण्याची प्रथा आहे. पण तीही सर्वस्वी निरुपयोगी नाहीत. ती कोणत्याही अभिरुचीच्या आज्ञेत नसतात, म्हणून कधीकधी वाचकाला अभिरुचीच्या कुंपणाबाहेर नेतात. उलट अंतरंगाचे सूत्र जितके भारदस्त, तितका वाचक आपल्या परिचित ग्रंथाकडे वळण्याचा संभव अधिक.

'पुराणकथेचे पुनर्कथन' हे सूत्र या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठी वाचकाचा हात येथे सहज वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'कडे (१९५९) जातो. या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. बहुतेक वाचकांनी ती तरुणपणीच वाचलेली असते. सूत्र पुरे होते, पण वाचक होता तेथेच राहतो. आता त्याच सूत्रापुढे गिरीश कार्नाड यांचे 'ययाति' (१९६१) हे कन्नड नाटक ठेवून पाहावे. कथा तीच, परंतु दोन वर्षांच्या अंतराने दोन शेजारभाषांत तिचे झालेले रूपांतर भिन्न आहे. खांडेकर ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या मुखाने कथा सांगवतात आणि भोगाच्या अतृप्तीपुढे कचाच्या संयमाचा आदर्श उभा करतात. कार्नाडांचे लक्ष पित्याचे वार्धक्य स्वीकारणाऱ्या पुरूवर आणि त्याच्या नववधूवर, चित्रलेखेवर आहे. पुत्राच्या त्यागाची किंमत जिला मोजावी लागते ती स्त्री त्या त्यागाचे गोडवे का गाईल, हा प्रश्न तिच्या आत्मनाशातून पुढे येतो. एका कृतीत त्याग हे उत्तर आहे, दुसरीत त्याग हाच प्रश्न आहे. कार्नाड वाचल्यानंतर खांडेकरांकडे परतणारा वाचक पूर्वीचा राहत नाही. येथे सूत्र केवळ बसले नाही, साधले.

'आत्मचरित्र' या सूत्राबाबतही हेच दिसते. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. त्याच्या शेजारी सिद्धलिंगय्या यांचे 'ऊरुकेरी' ठेवले, तर गावाच्या कडेच्या वस्तीतून महानगराच्या वस्तीत येणारे दलित बालपण दोन भाषांत कसे आकारते, ते पाहावयास मिळते. एकातील महानगर मुंबई आहे, दुसऱ्यातील बंगळूर. सिद्धलिंगय्यांचा उपरोधी विनोद हा या प्रकाराविषयीच्या मराठी वाचकाच्या अपेक्षेला दिलेला मोठाच धक्का ठरतो.

५

मात्र सूत्रे तटस्थ नसतात. ती ज्या भाषेत घडतात त्या भाषेची गृहीते त्यांच्याबरोबर येतात. 'एक अनुवादित ग्रंथ' हे सूत्र इंग्रजी वाचकासाठी सार्थ आहे, कारण त्याच्या वाचनात अनुवाद हा अपवाद असतो. मराठी वाचकाच्या वाचनात शरच्चंद्र चट्टोपाध्यायांपासून भैरप्पांपर्यंत अनुवाद हा नित्याचाच भाग राहिला आहे. त्याच्यासाठी हे सूत्र 'कोणत्या भाषेतून आणि कोणत्या वाटेने' असे विस्तारल्याखेरीज त्यातून काहीच साधत नाही.

बंगळूरच्या मराठी वाचकाची खरी अडचण येथेच आहे. त्याच्या कानावर दिवसभर कन्नड पडते. कन्नड साहित्य मात्र त्याच्या हाती बहुधा इंग्रजीतून येते. विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही बंगळुरातच घडणारी दीर्घकथा श्रीनाथ पेरूर यांच्या २०१५ च्या इंग्रजी अनुवादामुळे सर्वत्र पोहोचली. बानू मुश्ताक यांच्या कथा दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादातून २०२५ च्या आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कारापर्यंत गेल्या. या यशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु शेजारच्या घरी जाण्यासाठी दर वेळी दूरच्या हमरस्त्याला वळसा घालावा लागत असेल, तर मधली पाऊलवाट बुजण्याचे भय असते.

ही पाऊलवाट जुनी आहे. मातृभाषा मराठी असलेले द. रा. बेंद्रे कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. धारवाडात अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांनी तेथेच मराठी कथेला नवे परिमाण दिले. कार्नाडांचे 'तुघलक' विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी उमा कुलकर्णी यांना साहित्य अकादमीचा १९८९ चा अनुवाद पुरस्कार लाभला. विरूपाक्ष कुलकर्णी यांनी वाचून दाखवलेला कन्नड मजकूर कानांनी ऐकून मराठीत उतरवणे ही त्यांची पद्धती. लिपीचा अडसर असला तरी भाषेचा कान असेल तर वाट सापडते, याचे हे बोलके उदाहरण आहे. बंगळूरच्या मराठी वाचकापाशी हा कान काही अंशी तरी असतोच.

स्थलाच्या सूत्राबाबत एक वेगळी गुंतागुंत आढळते. कार्नाडांचे 'बेंद काळु ऑन टोस्ट' हे नाटक बंगळूर नगराविषयीचेच आहे. शिजवलेल्या शेंगदाण्यांवरून नव्हे, तर राजाला मिळालेल्या उकडलेल्या घेवड्याच्या दाण्यांवरून नगराला नाव पडल्याची जी आख्यायिका आहे, तिच्यावर त्याचे शीर्षक आधारलेले आहे. प्रदीप वैद्य यांनी मराठीत केलेल्या त्याच्या रूपांतराचे नाव 'उणे पुरे शहर एक' असे आहे आणि त्यातील शहर पुणे झाले आहे. म्हणजे 'आपल्या शहरातील कथा' या सूत्राला बंगळूरच्या वाचकासाठी मूळ नाटक अनुरूप ठरते, त्याच्या मातृभाषेतील रूप मात्र अनुरूप ठरत नाही. पुण्याच्या वाचकाच्या बाबतीत नेमके याच्या उलट घडते. सूत्र ग्रंथाला लागू पडते की पाठाला, असा प्रश्न यातून उभा राहतो. अनुवाद हा स्वतंत्र पाठ मानल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

६

या विवेचनातून ग्रंथनिवडीची तीन तत्त्वे निष्पन्न होतात. पहिले, सूत्र वाचताच जो ग्रंथ प्रथम आठवतो तो बाजूला ठेवून त्याच्या शेजारचा शोधावा. प्रथम आठवणारा ग्रंथ बहुधा आधीच वाचून झालेला किंवा आधीच मान्य केलेला असतो. दुसरे, एका ग्रंथावर दोन सूत्रे भागवण्यापेक्षा एका सूत्रासाठी दोन भाषांतील दोन ग्रंथ जोडीने वाचावेत. 'ययाति'च्या जोडीत दिसले त्याप्रमाणे तुलना हा सूत्राचा सर्वांत मोठा लाभ होय. तिसरे, परक्या भाषेत घडलेले सूत्र जसेच्या तसे न स्वीकारता आपल्या भाषिक स्थितीनुसार ते पुन्हा मांडावे. 'अनुवादित ग्रंथ' याऐवजी 'ज्या नगरात वास्तव्य आहे तेथील भाषेतून थेट मायबोलीत आलेला ग्रंथ' असे सूत्र केले, तर तेवढ्यानेच वाचकाची दिशा बदलते. असा ग्रंथ मिळाला नाही, तर ती उणीवही नोंदण्याजोगी असते. कोणत्या ग्रंथांचा अनुवाद व्हावयास हवा, याची यादी अशा रिकाम्या राहिलेल्या जागांतूनच तयार होते.

साने गुरुजींनी 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले तेव्हा प्रत्येक भारतीयाने दुसरी एक भारतीय भाषा जिव्हाळ्याने जाणावी, ही अपेक्षा त्यामागे होती. साहित्य अकादमी आणि राष्ट्रीय पुस्तक न्यास यांनी अनुवादाच्या रूपाने त्या अपेक्षेला संस्थात्मक आधार दिला. परंतु संस्था ग्रंथ सिद्ध करू शकते, वाचक सिद्ध करू शकत नाही. ते कार्य एकेका वाचकाच्या निवडीतून घडते. वर्षाच्या अखेरीस किती सूत्रांपुढे नावे लिहिली गेली याला फारसे महत्त्व नाही. सूत्र समोर आले नसते तर ज्यांच्या वाटेला वाचक गेलाच नसता असे ग्रंथ त्यांत किती, यावरच संकल्पाची फलश्रुती ठरते. जयरामाने दरबारात ठेवलेल्या बारा नारळांपैकी एखाददुसरा जरी आजच्या वाचकाने उचलला, तरी पुरे आहे.