सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला का चालत नाही?

गेल्या रब्बी मेळाव्यात एका शेतकरी बंधूंनी विचारले, "सोयाबीनचे रायझोबियम उरले आहे, हरभऱ्याला लावू का?" लावू नये. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची वेगळी कडी असू शकते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जीवाणू एकमेकांना चिकटले की एकातील प्लाझ्मिडची प्रत दुसऱ्यात जाऊ शकते व तिच्याबरोबर नवा गुणही जातो. वाटाणा, घेवडा व बरसीम गटांच्या रायझोबियममध्ये मुळांवर गाठी आणण्याची आणि हवेतील नत्र स्थिर करण्याची महत्त्वाची जनुके प्लाझ्मिडवरच असतात. सोयाबीनच्या जीवाणूत मात्र ती मुख्य गुणसूत्रावर असतात. कोणत्या पिकाच्या मुळाने जीवाणूला आत घ्यायचे, हे या जनुकांवरून ठरते.

सन 1978 मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथील जॉन इन्स संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वाटाण्याच्या रायझोबियममधील प्लाझ्मिड घेवडा व क्लोव्हर (बरसीमच्या कुळातील चारापीक) यांच्या रायझोबियममध्ये संक्रमित केले. ते जीवाणू वाटाण्यावर गाठी आणू लागले.

मग सर्व गुण एकाच जीवाणूत भरून एकच पाकीट का काढू नये? ते तितके सोपे नाही. एकाच प्रकारची दोन प्लाझ्मिडे एका पेशीत सहसा टिकत नाहीत. शिवाय 1981 मध्ये हॉलंडमधील शास्त्रज्ञांनी क्लोव्हरच्या रायझोबियमचे प्लाझ्मिड अॅग्रोबॅक्टेरियम या रोगकारक जीवाणूत घातले, तेव्हा क्लोव्हरवर गाठी आल्या, पण नत्र स्थिर झाले नाही. प्लाझ्मिडने घराची किल्ली मिळते. आतला संसार चालवायला पेशीची बाकीची यंत्रणाही जुळावी लागते.

म्हणून नुसत्या गाठी मोजून समाधान मानू नये. विद्यार्थिदशेत मी मोठ्या हौसेने गाठी मोजून वहीत आकडे लिहिले होते. सरांनी एक गाठ ब्लेडने कापली, ती आत पांढरी निघाली! पेरणीनंतर 35 ते 40 दिवसांनी चार-पाच रोपे मुळासकट हलक्या हाताने खणून गाठी कापून पाहाव्यात. आत गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर नत्राचे काम चालू आहे. बहुतेक गाठी पांढऱ्या असतील तर त्यांच्या भरवशावर नत्राची मात्रा कमी करू नये.

उष्णतेचेही भान ठेवावे. क्लोव्हरचे रायझोबियम प्रयोगशाळेत 35 अंश सेल्सिअसला वाढविले असता त्यातील काही पेशी हे प्लाझ्मिडच गमावून बसतात, असे पोलंडमध्ये दिसून आले आहे. आपल्याकडे पत्र्याखाली ठेवलेल्या पाकिटात तर जीवाणूच मरतात. पाकीट माठाजवळ, सावलीत ठेवावे.

हरभऱ्यासाठी हरभरा गटाचेच पाकीट घ्यावे व वापराची अंतिम तारीख पाहावी. बुरशीनाशक आधी लावावे. नंतर गुळाच्या थंड पाण्यात कालवून 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम संवर्धक चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे.