कोपिष्ट तेल

ग्लिसरिन हा पदार्थ घरोघर परिचयाचा आहे. तो रंगहीन, दाट व चवीला गोड असून थंडीच्या दिवसांत फुटलेल्या ओठांना लावतात. इतका सौम्य पदार्थ क्वचितच सापडेल. परंतु त्यावर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया घडली, म्हणजे त्याचा स्वभाव पार पालटतो आणि नायट्रोग्लिसरिन नावाचा तेलासारखा द्रव तयार होतो. दिसण्यात हा द्रवही निरुपद्रवीच. पण कोपला म्हणजे प्रतिदुर्वास! नुसत्या धक्क्यानेही त्याचा प्रचंड स्फोट होतो.

याचे कारण त्याच्या घडणीत आहे. लाकडाला जळण्यासाठी लागणारा प्राणवायू हवेतून हळूहळू मिळतो. म्हणून चुलीतील ओंडका बराच वेळ जळत राहतो. नायट्रोग्लिसरिनच्या प्रत्येक रेणूत मात्र जळणारा कर्ब व त्याला जाळणारा प्राणवायू एकत्रच नांदत असतात. त्यांना हवेची वाट पाहावी लागत नाही. धक्का बसताच, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, सारा द्रव तप्त वायूंच्या रूपाने उसळतो आणि त्या वायूंच्या दाबाने कठीण खडकाच्याही ठिकऱ्या उडतात.

इटलीतील तुरीन शहरी आस्कानिओ सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली हा द्रव प्रथम तयार केला. एका स्फोटात त्याच्या चेहऱ्याला जखमा झाल्या. असला पदार्थ वापरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण, असेच त्याला वाटू लागले.

स्वीडनच्या आल्फ्रेड नोबेलला मात्र या शक्तीला वेसण घालण्याचा ध्यास लागला होता. त्याची फार मोठी किंमत त्याला मोजावी लागली. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोम येथील त्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि त्याचा धाकटा भाऊ एमिल व इतर काही जण प्राणांस मुकले. शहरात असले प्रयोग करण्यास बंदी झाली. तेव्हा नोबेलने सरोवरात नांगरलेल्या एका पडावावर आपले काम चालू ठेवले. अखेर त्याला उपाय सापडला. किसेलगुर नावाच्या सच्छिद्र मातीत हा द्रव जिरवला, तर तो किरकोळ धक्क्याने भडकत नाही, असे त्याला आढळून आले. हेच १८६७ सालचे डायनामाइट होय. बोगदे खणण्याच्या व खडक फोडण्याच्या कामी त्याचा मोठा उपयोग झाला.

या द्रवाचा आणखी एक गुण विलक्षण आहे. सोब्रेरोने तो जिभेवर ठेवून पाहिला, तेव्हा त्याचे डोके विलक्षण ठणकू लागले. कारण रक्तवाहिन्या रुंदावण्याचा गुण त्याच्या अंगी आहे. याच गुणाचा लाभ घेऊन लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये हृदयशूळावर त्याची योजना केली. आजही अत्यल्प मात्रेत ते औषध रोग्याच्या जिभेखाली देतात. उतारवयात खुद्द नोबेलला हृदयविकार जडला, तेव्हा वैद्यांनी त्यालाही हेच औषध सुचविले होते!

रसायनांना माया नसते, तसे वैरही नसते. मात्र त्यांचे स्वभाव जाणून घेण्यासाठी अनेकांनी आपले प्राण वेचले आहेत. म्हणूनच प्रयोगशाळेत अनोळखी पदार्थ हुंगू अथवा चाखू नये आणि शिक्षकांच्या अनुज्ञेवाचून कोणतीही दोन रसायने एकत्र करू नयेत. हा नियम भित्र्यांसाठी नव्हे, शहाण्यांसाठी आहे.