प्राचीन इंग्रजी वीरकाव्यांतील स्त्रिया

इंग्रजी काव्य म्हटलें कीं शेक्सपिअर व मिल्टन यांचीं नांवें ओठीं येतात. परंतु त्यांच्या पूर्वीं कित्येक शतकें त्या भाषेंत वीरकाव्यें रचिलीं जात होतीं. इ. स. १००० च्या सुमाराचें तसलें एक हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. १७३१ सालच्या आगींत त्याच्या कडा होरपळल्या, तरी त्यांतील 'बेओवुल्फ' व 'ज्युडिथ' हीं काव्यें वांचलीं. पहिल्याच्या ३,१८२ ओळी आहेत. दुसऱ्याचा आरंभ हरवला असून सुमारें ३५० ओळी उरल्या आहेत. या काव्यांत स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचें स्थान आहे काय, याचा येथें विचार करूं.

'बेओवुल्फ'मधील वेल्थिओ ही डेन लोकांचा राजा ह्रोथगार याची राणी. राजसभेंत वीरांना मद्याचा चषक देण्याचा मान तिचा. परंतु राजा परक्या बेओवुल्फला पुत्र मानूं लागतांच ती भर सभेंत पतीला बजावते कीं, राज्य आपल्या आप्तांसाठींच राखावें. तिचें भाषण धीट व मुत्सद्दीपणाचें आहे. त्यावर राजानें काय उत्तर दिलें, तें मात्र कवि सांगत नाहीं.

हिल्डेबुरची कथा याहून करुण आहे. वैर मिटावें म्हणून राजकन्या शत्रूच्या घरीं देण्याची त्या काळीं चाल होती. काव्यांत अशा स्त्रीला 'शांतता विणणारी' असें नांव आहे. हिल्डेबुर ही डेन राजकन्या फ्रिझियन राजा फिन याची राणी होती. तरीही तंटा पेटला. तिचा भाऊ व पुत्र दोघेही पडले, आणि तिनें त्यांना एकाच चितेवर ठेवविलें. पुढें पतीही मारला गेला, व जेत्यांनीं लुटलेल्या धनाबरोबर तिलाही माहेरीं परत नेलें. तिचें मत कोणींच विचारलें नाहीं.

ज्युडिथचें चित्र निराळें आहे. असुरियाचा सेनापति होलोफर्नीस हा तिच्या लोकांवर चालून आला होता. तो मद्यानें बेशुद्ध पडला असतां तिनें देवाची प्रार्थना करून तलवारीच्या दोन घावांत त्याचें शिर उडविलें. दासीसह नगरांत परतून तिनें तें शिर सर्वांना दाखविलें, आणि पहांटेस शत्रूवर चालून जाण्यास योद्ध्यांना सांगितलें. त्यांनीं तिचें ऐकलें व जय मिळविला.

आतां एक सूक्ष्म गोष्ट पाहा. मूळ धर्मकथेंत लोक तिला होलोफर्नीसची चांदीचीं भांडीं व सामानसुमान देतात. इंग्रजी कवि मात्र त्याची तलवार, रक्तानें माखलेलें शिरस्त्राण आणि सोन्यानें मढविलेलें चिलखत यांचीं नांवें आधीं घेतो. वीर पुरुषाला जें पारितोषिक मिळावयाचें, तेंच त्यानें स्त्रीच्या हातीं दिलें.

अशी स्त्री केवळ काव्यांतच नव्हती. मर्शियाची अधिपति एथेलफ्लेड हिनें ९११ पासून ९१८ सालीं मृत्यु येईपर्यंत राज्य चालविलें, दुर्ग बांधविले, आणि डेन लोकांच्या ताब्यांतून डर्बी व लेस्टर हीं नगरें घेतलीं.

तथापि एका ज्युडिथवरून त्या समाजांत समता होती असें म्हणतां येणार नाहीं. त्याच हस्तलिखितांत हिल्डेबुरचे अश्रूही आहेत. वेल्थिओला मान मिळाला, ज्युडिथच्या शब्दाप्रमाणें सैन्य चाललें. या दोहोंत मोठें अंतर आहे. विद्यार्थिमित्रांनीं कोणतेंही काव्य वाचतांना स्त्रीची स्तुति किती केली आहे एवढेंच पाहूं नये. तिचा शब्द कोणी मानला, हेंही शोधावें. हाच प्रश्न आपल्या घरींही विचारून पाहण्याजोगा आहे.