मोबाईलचा स्पीकर : परीक्षा, बदल आणि वर्गातील उपयोग

जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील पाड्यांवर शिकविणाऱ्या शिक्षकाला मोबाईल हे आता केवळ निरोपाचे यंत्र राहिलेले नाही. शालेय माहिती भरावयाची ती त्यावर, वरिष्ठांच्या सूचना यावयाच्या त्या त्यावर, आणि मुलांना गोष्ट अथवा गाणे ऐकवावयाचे तेही बहुधा त्यावरच. यंत्राचा पडदा फुटला तरी काम कसेबसे चालते; पण स्पीकर बिघडला म्हणजे वर्गाच्या दृष्टीने ते यंत्र मुके होते.

श्राव्य साधन आपल्या खेड्यांना नवे नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग सुमारे दीडशे खेड्यांत केला. त्यात गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. पुढे २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा पालघर जिल्ह्याच्या या आदिवासी भागात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालविली आणि ज्या घरी मोबाईलही नव्हता, तेथील मुलांना ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले. दोन्ही प्रसंगी मुख्य भार कानावर होता. आवाज स्पष्ट नसेल, तर पुढची सारी योजना व्यर्थ, हे वेगळे सांगावयास नको.

या भागात त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. पहिलीत येणाऱ्या पुष्कळ मुलांची घरची बोली वारली, कोकणा वा कातकरी असते. पुस्तकी मराठी त्यांच्या कानाला नवी असते आणि प्रत्येक नवा शब्द ते प्रथम ध्वनी म्हणून ओळखतात. स, श, च, छ या व्यंजनांचा ओळखू येणारा अंश उच्च कंपनसंख्येचा असतो. स्पीकरची जाळी मळाने बुजली की प्रथम लोपतो तो हाच अंश. शिक्षकाला शब्द आधीच ठाऊक असल्याने त्याचा कान उणीव आपोआप भरून काढतो. मुलाला तो आधार नसतो. म्हणूनच ‘मला तर नीट ऐकू येते’ ही शिक्षकाची साक्ष या बाबतीत पुरेशी मानू नये.

शाळेबाहेरही हीच गोष्ट. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामासाठी भिवंडी, वसईकडे जातात व काही मुले आजी-आजोबांपाशी राहतात. आईबापांचा फोन आला की सारे घर मोबाईलभोवती गोळा होते आणि स्पीकर सुरू करूनच बोलणे ऐकते. तो स्पीकर दुरुस्त करून देण्याची विनंती मग पाड्यावरच्या शिकलेल्या माणसाकडे, म्हणजे गुरुजींकडे अथवा बाईंकडे येते.

स्पीकर म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. एक लहानसे पण प्रबळ कायम चुंबक, त्याच्या फटीत हलू शकणारे बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटविलेला पातळ पडदा, एवढाच त्याचा संसार. वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह गेला की ते क्षणात चुंबकाकडे ओढले जाते, क्षणात दूर लोटले जाते. पडदा हलतो, हवा हलते आणि ध्वनी उत्पन्न होतो. विद्युत्प्रवाहाजवळ चुंबकसूची विचलित होते हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखविले आणि १९२५ मध्ये राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी आजच्या पद्धतीच्या स्पीकरची मांडणी प्रसिद्ध केली. मोबाईलमधील स्पीकर हे त्याच मांडणीचे बोटाच्या पेरात मावणारे रूप होय. बहुतेक मोबाईलमध्ये कानाशी धरावयाचा एक वरच्या बाजूस व मोठ्या आवाजाचा दुसरा खालच्या बाजूस असतो. येथे विचार खालच्याचा आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘स्पीकर गेला’ असे म्हणून जे मोबाईल पुढे येतात, त्यांपैकी पुष्कळांचा स्पीकर गेलेला नसतो. उन्हाळ्यात येथील तांबडी धूळ, पावसाळ्यात दमट हवा, चुलीचा धूर आणि खिशातील कापडाची लव यांनी जाळी भरते. यास्तव उघडण्यापूर्वी परीक्षा करावी, आणि ती क्रमाने करावी. प्रथम मोबाईल बंद करून पुन्हा सुरू करावा. आवाजाच्या सर्व पट्ट्या वर आहेत आणि ‘व्यत्यय नको’ ही सोय बंद आहे, हे पाहावे. ब्लूटूथ बंद करावे, कारण आवाज कधी कधी शेजारच्या खोलीतील दुसऱ्याच यंत्राकडे जात असतो. पडद्यावर हेडफोनचे चिन्ह दिसत असेल, तर दोष त्या छिद्रातील ओलाव्याचा वा कचऱ्याचा समजावा. नंतर हेडफोन लावून तेच गाणे ऐकावे. तेथेही आवाज खरखरतो असे आढळले, तर दोष ध्वनिमुद्रणाचा तरी असतो किंवा आतील मंडलाचा तरी. स्पीकर बदलून काही साधणार नाही. हेडफोनमध्ये स्वच्छ आणि स्पीकरवर घोगरा, असे असेल तरच पुढे जावे.

पुढे जाणे म्हणजे लगेच पेचकस घेणे नव्हे. मोबाईल बंद करून, जाळीचे तोंड खाली धरून, कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडावे. लहान मुलाचा नवा दातांचा ब्रश यास उत्तम. टाचणी वा सुई आत घालण्याचा मोह अनेकांना होतो. तिने जाळी व तिच्यामागील पडदा फाटतो आणि साफ होणारे यंत्र कायमचे निकामी होते. मोबाईल भिजला असेल तर तो तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा प्रघात सोडावा, कारण तांदळाचा भुगा आत शिरतो. चुलीजवळ तर मुळीच ठेवू नये. पुसून, बंद स्थितीत, हवेशीर जागी निदान एक दिवस राहू द्यावा.

इतके करूनही आवाज सुधारला नाही, तर स्पीकर बदलण्याचा विचार योग्य ठरतो. मात्र मोबाईल कोणाचा, हा प्रश्न त्याआधी येतो. शाळेला मिळालेले यंत्र डेडस्टॉक रजिस्टरवर असते; ते मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीवाचून उघडू नये. पालकाच्या मोबाईलवर पहिला हात शिकू नये. त्यात मजुरीचे कित्येक दिवस गुंतलेले असतात. हमीची मुदत चालू असलेला कोणताही मोबाईल घरी उघडू नये. पाठीमागचे झाकण फुगलेले दिसले, तर बॅटरी फुगली आहे असे समजून यंत्र बंद करावे आणि जाणत्या कारागिराकडेच न्यावे. तेथे धाडसाला जागा नाही. शिक्षकाचा स्वतःचा जुना, मुदत संपलेला मोबाईल हाच पहिल्या प्रयत्नाला योग्य.

नवा स्पीकर मागविताना मोबाईलचे केवळ बाजारातील नाव सांगून चालत नाही. सेटिंगमधील ‘फोनविषयी’ या भागात नमुन्याचा पूर्ण क्रमांक असतो; तो अक्षरशः उतरून घ्यावा. एकाच नावाखाली दोन निरनिराळे नमुने विकले जातात आणि त्यांचे स्पीकर परस्परांस बसत नाहीत. साहित्य थोडे लागते : बारीक पेचकसांचा संच, प्लास्टिकची पातळ पत्ती, टोकदार चिमटा, आणि मिळाल्यास मल्टिमीटर.

आधी मोबाईलमधील माहितीची प्रत काढून ठेवावी. बॅटरी चतुर्थांशापेक्षा कमी भारित असावी, यंत्र बंद असावे व सिमकार्डाची पट्टी बाहेर काढलेली असावी. ती आत राहिल्यास झाकण उचलताना मोडते. काही मोबाईलचे झाकण नुसते खाचांत बसविलेले असते, काहींचे चिकटविलेले. चिकटविलेले असल्यास कडा हेअर ड्रायरने सावकाश गरम करून पत्ती सरकवीत जावे. उघड्या ज्योतीचा उपयोग कधीही करू नये. झाकण एकदम ओढू नये, कारण बोटाचा ठसा घेणारी पट्टी कित्येकदा त्यालाच जोडलेली असते. पत्ती खोलवर घालू नये. ती बॅटरीला टोचली तर आग लागू शकते.

आत दिसणारे स्क्रू सारखे वाटले तरी त्यांची लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला, तर तो खालचा पडदा वा मंडल भेदतो. म्हणून कोऱ्या कागदावर मोबाईलची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवावा. ही सवय मुलांनाही दाखविण्याजोगी आहे. सर्वप्रथम बॅटरीची जोडणी प्लास्टिकच्या पत्तीने सोडवावी आणि मगच बाकीचे काम हाती घ्यावे. खालचे प्लास्टिकचे आवरण काढले की स्पीकरची पेटी दिसते. बहुतेक ठिकाणी ती डाखाने जोडलेली नसून लवचिक धातूच्या दोन पट्ट्यांवर टेकलेली असते. पुष्कळदा दोष या पट्ट्यांवरील गंजाचाच निघतो; मळ पुसून, वाकलेली पट्टी चिमट्याने किंचित उचलली की जुनाच स्पीकर बोलू लागतो. मल्टिमीटर असेल, तर स्पीकरच्या दोन टोकांमधला रोध मोजावा. चांगल्या वेटोळ्याचा रोध साधारणतः चार ते आठ ओहमच्या दरम्यान भरतो. काटा हललाच नाही अथवा मंडल खुले दिसले, तर तार तुटली आहे. रोध बरोबर असूनही आवाज घोगरा असेल, तर पडदा फाटलेला असतो. दोन्ही स्थितींत नवी पेटी बसवावी.

येथे एक गोष्ट मोखाड्यासारख्या दुर्बळ संदेशाच्या भागात विसरू नये. अनेक मोबाईलमध्ये स्पीकरच्या पेटीवरच संदेश पकडणाऱ्या अँटेनाचा भाग असतो. पेटी तिरकी बसली किंवा हलक्या प्रतीची घेतली, तर आवाज येतो पण रेंज जाते. कामाआधी घरातील एका ठराविक जागी रेंजच्या किती पट्ट्या दिसतात ते लिहून ठेवावे आणि नंतर त्याच जागी पुन्हा पाहावे. झाकण चिकटविण्यापूर्वीच बॅटरी जोडून ही परीक्षा व आवाजाची परीक्षा उरकावी. एकदा उघडलेल्या मोबाईलचे पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीइतके राहत नाही. पुढच्या पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत बाळगावा.

आवाजाची खरी परीक्षा वर्गातच होते. ‘साल–शाल’, ‘पाट–पाठ’, ‘चाल–छाल’ अशा जोड्या शिक्षकाने मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात, मोबाईल टेबलावर ठेवावा आणि शेवटच्या रांगेतील मुलांना ऐकलेला शब्द म्हणून दाखवावयास सांगावे. मग तेच शब्द शिक्षकाने तेथूनच तोंडाने उच्चारावेत. दोन्ही वेळची उत्तरे जुळली, तर स्पीकर ठीक आहे. तोंडी बरोबर व मोबाईलवर चूक, असे झाले तर दोष यंत्राचा. मुलाला मंद म्हणू नये. मोबाईल टेबलावर उताणा टाकण्याऐवजी रिकाम्या पत्र्याच्या डब्यात उभा ठेवला, तर आवाज मोठा होतो पण घुमतो, हेही याच वेळी मुलांकडून ताडून घेता येईल.

काढलेला जुना स्पीकर फेकू नये. वरच्या वर्गात विद्युत व चुंबकत्व शिकविताना त्याच्यासारखे स्वस्त साधन मिळणार नाही. त्याच्या जवळ टाचण्या नेल्या की त्या चिकटतात. वेटोळे शाबूत असेल, तर दोन तारांनी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. ‘टक्’ असा आवाज येतो. सेल उलटा करून टेकविल्यास पडदा विरुद्ध दिशेला उचलला जातो. वर कागदाचा हलका कपटा ठेवला तर ही हालचाल डोळ्यांनाही दिसते. सेल टेकवून धरू मात्र नये, तार तापते. वेटोळे तुटलेले असल्यास ते भिंगाखाली पाहून तुटलेली जागा मुलांनाच शोधू द्यावी. निकामी बॅटरी मात्र प्रयोगाला घेऊ नये आणि चुलीत वा उकिरड्यावरही टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार तिची रवानगी वेगळ्या संकलनाकडे व्हावयाची असते, आणि तोवर ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावी.