अळीचे औषध माणसाच्या मज्जातंतूंना का बाधते?

प्रश्न : पऱ्हाटीवर फवारणी करून आलेल्या गड्याला कधी कधी दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, दंडाचे स्नायू आपोआप फडफडतात. डॉक्टर म्हणतात, विष मज्जातंतूंना बाधले. मज्जातंतूंतून वीज वाहते असे शाळेत शिकलो होतो. मग हा त्या विजेचा बिघाड का? आणि औषध अळीचे असताना ते माणसाला का लागते? – एक वाचक, चांदूर रेल्वे

उत्तर : प्रश्न दोन दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. आधी विजेचे पाहू. तुमच्या स्टेशनावरून जाणाऱ्या रेल्वेच्या तारेत 25,000 व्होल्टचा दाब असतो आणि तांब्यातून इलेक्ट्रॉन सरकतात. मज्जातंतू म्हणजे अशीच बारीक तार आणि मेंदू म्हणजे वीजघर, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी असती, तर संदेश सेकंदाला लाखाहून अधिक किलोमीटर वेगाने धावला असता. हेर्मान हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1850 मध्ये बेडकाच्या मज्जातंतूतला वेग मोजला, तो सेकंदाला तीस मीटरच्याही आत निघाला. माणसाच्या सर्वांत वेगवान तंतूंत तो सेकंदाला सुमारे 100 मीटर असतो आणि सर्वांत संथ तंतूंत जेमतेम एक मीटर. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी चटका बसतो आणि क्षणभराने खोल ठणका सुरू होतो, तो यामुळेच. चटक्याचे तंतू वेगळे, ठणक्याचे वेगळे.

मग ही वीज येते कुठून? ती आपल्या मिठातून येते म्हटले तरी चालेल. मज्जापेशीच्या बाहेर सोडियम जास्त आणि आत पोटॅशियम जास्त असते. पेशीच्या पातळ पटलात बसलेले सूक्ष्म पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांना 1957 मध्ये खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करताना सापडला. अशी वाटणी झाल्यामुळे आणि पोटॅशियम थोडे थोडे बाहेर झिरपत असल्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण राहते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही कमी असते. त्या हिशेबाने मीटरमागे जवळजवळ एक कोटी व्होल्ट पडतात.

संदेश निघतो तेव्हा पटलातली सोडियमची दारे उघडतात. सोडियम आत घुसते आणि तेवढ्या जागी आतली बाजू क्षणभर धन होते. सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात ती दारे मिटतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि जागा पूर्ववत होते. मात्र तेवढ्या धक्क्याने शेजारची दारे उघडलेली असतात, मग त्यांच्या शेजारची. फटाक्यांची लड जशी एका टोकाकडून दुसऱ्याकडे पेटत जाते तसे हे चालते. फरक इतकाच की ही लड जळून संपत नाही, लगेच पुन्हा पेटायला तयार होते. म्हणून संदेश वाटेत फिका पडत नाही, पायाच्या बोटापर्यंत सारख्याच जोराने पोचतो. हे सारे गणित ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली यांनी माखळीच्या जातीच्या एका समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून 1952 मध्ये मांडले.

तुमच्या गड्याचा बिघाड मात्र या लडीत नाही. तो लड संपते तिथे आहे.

मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये अतिसूक्ष्म फट असते आणि विजेचा संदेश ती ओलांडू शकत नाही. तिथे वीज थांबते आणि रसायन काम हाती घेते. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये हे दाखवून दिले. एका बेडकाच्या हृदयाची गती मंदावणारा मज्जातंतू त्यांनी उद्दीपित केला, त्या हृदयाभोवतालचे द्रावण घेऊन दुसऱ्या हृदयावर घातले, आणि दुसरे हृदयही मंदावले. दोन हृदयांत तार नव्हती. गेले होते ते रसायन. त्याचे नाव ॲसिटिलकोलिन. तंतूच्या टोकाशी ते इवल्या पिशव्यांत भरलेले असते. संदेश आला की टोकात कॅल्शियम शिरते, पिशव्या फुटतात, ॲसिटिलकोलिन फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) बसते आणि स्नायू आकसतो. पेशींचे एकमेकींशी बोलणे बहुतेक असेच रसायनातून चालते. इन्सुलिनही त्याच रीतीने काम करते, फक्त ते रक्तातून लांबचा प्रवास करून येते.

आता सांगितलेले काम थांबवायचे कसे, हा प्रश्न उरतो. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला सर्वांत नवलाचा भाग हाच आहे. फटीत ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचे विकर असते आणि त्याचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. त्यामुळे पुढच्या संदेशासाठी फट तत्काळ मोकळी होते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके नेमकी या विकराला जाऊन चिकटतात आणि सोडत नाहीत. ॲसिटिलकोलिन साचत जाते, संदेश थांबतच नाही. ग्रंथींना हुकूम चालू राहतो, म्हणून लाळ, घाम आणि डोळ्यांतून पाणी. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. छाती कफाने भरते आणि श्वासाचे स्नायूही लुळे पडतात, तेव्हा जीव धोक्यात येतो.

अळीचे औषध माणसाला लागते, कारण तिच्या मेंदूत आणि मज्जातंतूंच्या गाठींत तेच ॲसिटिलकोलिन आणि जवळजवळ तेच विकर असते. अळी आणि माणूस यांच्या मज्जातंतूंची घडण फार जुन्या काळापासून एकाच आराखड्यावर आहे. कृषी केंद्राच्या फळीवरची इतर काही औषधेही याच वाटेवर घाव घालतात. सायपरमेथ्रिन सोडियमची दारे नीट मिटू देत नाही, तर इमिडाक्लोप्रिड ॲसिटिलकोलिनच्या जागेवर जाऊन बसते. यांत किडीवर जास्त आणि माणसावर कमी परिणाम होईल असा फरक साधलेला आहे, म्हणून ती तुलनेने सौम्य. तुलनेने, एवढेच. डब्यावरचा लाल त्रिकोण अतिविषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि हिरवा.

2017 च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावर येत होता, अनेक औषधे एकत्र मिसळली जात होती. तोंडाला रुमाल बांधला की झाले, ही समजूत तिथेच घातक ठरते. ही विषे कातडीतून शिरतात. पाठीवरचा पंप गळत असेल, सदरा भिजला असेल, तर नाकातोंडाने न घेताही पुरेसे विष आत जाते. दुसरी समजूत अशी की काल काही झाले नाही म्हणजे आजही होणार नाही. जायबंदी झालेले विकर शरीरात नव्याने तयार व्हायला आठवडे लागतात. रोज फवारणाऱ्याचा साठा रोज घटतो, आणि पहिले तीन दिवस धडधाकट राहिलेला मजूर चौथ्या दिवशी बांधावर कोसळू शकतो.

दूध, तूप, लिंबूपाणी यांपैकी काहीही अडकलेले विकर सोडवू शकत नाही. त्यात वेळ मात्र जातो. भिजलेले कपडे लगेच काढावेत, अंग साबणाने धुवावे (धुणाऱ्याने हातमोजे घालावेत) आणि 108 ला फोन करून रुग्णाला औषधाच्या डब्यासह ग्रामीण रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात न्यावे. डॉक्टर ॲट्रोपिन देतात. ते ग्रंथी आणि हृदय यांवरच्या ग्राहकांवर बसून तिथला गोंगाट थांबवते. स्नायूंवरचे ग्राहक वेगळ्या प्रकारचे असल्याने तिथे त्याचा उपयोग नसतो, म्हणून कधी कधी कृत्रिम श्वास द्यावा लागतो. प्रॅलिडॉक्झिम विकराला विषाच्या पकडीतून सोडवू शकते, पण लवकर मिळाले तरच. उशीर झाला की पकड कायमची होते.

जाता जाता नागाविषयी. त्याचे विष याच फटीत उलटे काम करते: स्नायूवरचे ग्राहकच अडवून ठेवते, त्यामुळे संदेश पोचत नाही आणि पापण्या गळतात. अशा रुग्णाला सर्पविषाच्या लसीबरोबर डॉक्टर निओस्टिग्मिन देतात. ते त्याच विकराला थोडा वेळ रोखते, ॲसिटिलकोलिन वाढते आणि अडलेल्या ग्राहकांपर्यंत संदेश रेटता येतो. जे काम कीटकनाशक जीवघेणे करते, तेच इथे मोजून-मापून औषध म्हणून केले जाते. मण्यारीच्या दंशात मात्र याचा फारसा गुण येत नाही. तिचे विष तंतूच्या टोकालाच इजा करते, आणि ॲसिटिलकोलिन बाहेर पडलेच नाही तर वाढवणार काय?