उजनीचे पाणी, नान्नजचे माळरान आणि पदवीच्या वर्गातील संशोधन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्सचा पर्याय आल्यापासून आणि क्षेत्र-प्रकल्पाला, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर जाऊन प्रत्यक्ष निरीक्षणातून करावयाच्या छोट्या संशोधनाला, श्रेयांक मिळू लागल्यापासून सोलापूर जिल्ह्यातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी मोठ्या संख्येने मासे, पक्षी आणि माळरानावरील प्राणी यांच्या अभ्यासाकडे वळले आहेत. त्यांच्या उत्साहाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु अशा प्रकल्पांच्या अहवालांची तपासणी अनेक वर्षे केलेल्या कोणाही शिक्षकाला हे ठाऊक असते की, हे काम उपकरणांच्या अभावी क्वचितच फसते. ते फसते ते प्रश्न मोठा आणि हाती असलेले महिने थोडे असल्यामुळे, आणि त्याहूनही अधिक, ‘काय दिसले’ याची नोंद झाली तरी ‘कसे, किती वेळ आणि कोणत्या साधनाने पाहिले’ याची नोंद न झाल्यामुळे. ‘अमुक तलावातील माशांची यादी’ हा विद्यार्थ्यांचा सर्वांत आवडता विषय आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो सर्वांत कमी उपयोगाचा आहे, कारण यादीत नसलेला मासा पाण्यातच नव्हता, की जाळ्यात आला नाही, की ओळखता आला नाही, हे यादी सांगत नाही.

उजनीचे उदाहरण घेतल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याच्या जलाशयास यशवंतसागर म्हणतात, आणि त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असली तरी तिचा निम्म्याहून अधिक भाग मृत साठ्याचा, म्हणजे कालव्याच्या दरवाजांच्या पातळीखाली राहणाऱ्या पाण्याचा, आहे. पाणी या पातळीखाली उतरले की जिल्ह्यात ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे म्हणतात, आणि अवर्षणाच्या वर्षी ही बातमी हिवाळ्यातच कानी येते. पावसाळ्याअखेर भरलेला हा जलाशय पुढे महिनोन्‌महिने आक्रसत जातो, त्यामुळे ऑक्टोबरात जेथे होडी चालते तेथे एप्रिलमध्ये चिखल असतो. तोच मासा कमी पाण्यात दाटल्याने जाळ्यात अधिक येतो, आणि डिसेंबर ते मार्च एवढाच काळ हाताशी असलेला विद्यार्थी ‘या कालावधीत माशांची संख्या वाढली’ असा निष्कर्ष लिहून मोकळा होतो. हा निष्कर्ष खोडण्यासाठी वेगळ्या अभ्यासाची गरज नसते. त्या दिवशीच्या पाणीपातळीचा आकडा, जो वर्तमानपत्रात रोज छापून येतो, तेवढा नोंदवहीत शेजारी लिहिलेला असला तरी पुरे. त्याचबरोबर पकड ही नेहमी श्रमाच्या प्रमाणात, म्हणजे किती लांबीचे जाळे किती तास पाण्यात होते त्या हिशेबाने, मांडावी लागते; नुसते ‘वीस किलो मासळी मिळाली’ हे विधान व्यापाऱ्याच्या वहीत शोभते, संशोधनाच्या नाही.

जाळ्याचा विचार येथे थोडा सविस्तर करणे आवश्यक आहे. जलाशयात बहुधा गिलनेट, म्हणजे पाण्यात पडद्यासारखे उभे राहणारे आणि माशाला कल्ल्यांपाशी अडकवणारे जाळे, संध्याकाळी सोडून पहाटे ओढले जाते. जाळ्याच्या आसेचा, म्हणजे विणीतील छिद्राचा, आकार ठरलेला असल्याने लहान मासा पार निघून जातो, फार मोठ्याचे डोके आत शिरत नाही, आणि मधल्या मापाचाच मासा सापडतो. म्हणून काठावरील ढिगातून मोजलेल्या माशांची सरासरी लांबी ही पुष्कळ अंशी जाळ्याची लांबी-निवड असते, जलाशयातील माशांची नव्हे. लांबी व वजन यांच्या संबंधाचे समीकरण, ज्यात वजन हे लांबीच्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते असे गृहीत असते, पदवीच्या अहवालांत हमखास आढळते. परंतु एकाच आसेच्या जाळ्यातील जवळपास सारख्या मापाच्या माशांवरून काढलेला घातांक विश्वासार्ह नसतो, आणि त्याच्या आधारे ‘माशांची वाढ असमतोल आहे’ असे जाहीर करणे धाडसाचे ठरते. लहान माशांसाठी वेगळ्या आसेचे जाळे वापरणाऱ्या मच्छीमाराची पकडही मोजल्यास हा दोष बराच कमी होतो. लांबी मोजताना ती शेपटीच्या पंखाच्या टोकापर्यंतची, म्हणजे एकूण लांबी, की पंख जेथे सुरू होतो तेथपर्यंतची प्रमाण लांबी, हे पहिल्याच पानावर लिहावे. दोन विद्यार्थ्यांनी दोन तऱ्हांनी मोजून एकत्र केलेली सारणी नंतर कोणालाही सोडवता येत नाही.

ओळखीतील सर्वांत मोठा घोटाळा चिलापीच्या बाबतीत होतो, आणि उजनीच्या पकडीत चिलापीचे स्थान लक्षात घेता तो सर्वांत महागही पडतो. मोझांबिक चिलापी भारतात १९५२ मध्ये आणली गेली. मादी अंडी व पिले तोंडात सांभाळत असल्याने तिची पिले मोठ्या संख्येने जगतात आणि तळ्यात एकदा शिरलेली ही जात सहसा निघत नाही. तिची भाऊबंद असलेली नाईल चिलापी आता बाजारात सर्रास असते, पण अहवालांत दोन्हींचा समावेश एकाच नावाखाली केलेला आढळतो. ताजा मासा हातात घेऊन शेपटीचा पंख पसरला असता नाईल चिलापीच्या पंखावर वरपासून खालपर्यंत गेलेले नियमित उभे पट्टे दिसतात. मोझांबिक जातीत ते तसे नसतात, आणि प्रजननकाळातील तिचा नर काळसर होऊन त्याच्या पंखांच्या कडा लालसर दिसतात. दोन्हींचा संकर होत असल्याने काही मासे कोणत्याच वर्णनात बसत नाहीत, तेव्हा ‘निश्चित नाही’ असा रकाना ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे आहे. मरळ, वाम, शिंगटा, कटला, रोहू, मृगळ ही नावे मच्छीमाराकडून विद्यार्थ्याने जशी ऐकली तशीच लिहून घ्यावीत आणि शास्त्रीय नाव छायाचित्रासह त्यापुढे जोडावे. नंतर चूक निघाली तर ती दुरुस्त करता येते. ही नावे सांगणाऱ्या भोई समाजातील मामा-काकांशी बोलताना विद्यार्थ्याने आपण शिकायला आलो आहोत एवढे विसरू नये.

माशाच्या जठरातील अन्न तपासण्याचा विषयही लोकप्रिय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद करण्याची भूमिका घेतल्यापासून केवळ शिकण्यासाठी प्राणी मारणे गैर ठरते, तेव्हा मासळी बाजारात साफ करताना निघालेली आतडी विक्रेत्याकडून मागून घेणे हा सोपा व निर्दोष मार्ग आहे. मात्र येथे एक सापळा आहे. रात्रभर जाळ्यात अडकलेल्या माशाचे पचन थांबत नाही, त्यामुळे पहाटे काढलेल्या माशाचे जठर पुष्कळदा रिकामे निघते, आणि ‘हिवाळ्यात मासे अन्न घेत नाहीत’ असा निष्कर्ष अहवालात येऊन बसतो. जाळे किती वाजता सोडले व किती वाजता ओढले, ही नोंद नसेल तर रिकाम्या जठरांच्या टक्केवारीला काडीचा अर्थ उरत नाही.

शहरातील तलावांवर काम करणाऱ्यांसमोर वेगळीच अडचण उभी राहते, आणि ती घड्याळाची असते. सिद्धेश्वर तलाव, संभाजी तलाव किंवा शहराजवळील, १८७१ साली बांधून झालेला एकरूख तलाव, ज्याला लोक हिप्परगा म्हणतात, येथील पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात. पद्धत बहुधा विंकलरची असते: तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा न राहू देता पाणी भरून त्यात मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड काठावरच घातले जाते, तपकिरी साका खाली बसतो, मग आम्ल घालून तो विरघळवल्यावर सुटलेले आयोडीन थायोसल्फेटने मोजले जाते आणि स्टार्चचा निळा रंग नाहीसा होताच बाटलीत प्राणवायू किती होता ते कळते. हे सारे नीट केले तरी उत्तर चुकीचे येऊ शकते. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दिवसभर प्रकाशसंश्लेषणामुळे प्राणवायू भरपूर साठतो आणि रात्री तेच शेवाळ, मासे व तळाशी कुजणारा गाळ मिळून तो खाऊन टाकतात. सर्वांत कमी पातळी सूर्योदयापूर्वी येते, आणि मासे मरतात तेही बहुधा त्याच सुमारास. तासिका संपवून अकरा-बारा वाजता तळ्यावर पोहोचणाऱ्या गटाला पाणी निरोगी दिसते. अशा गटाने महिनाभर दर आठवड्याला दुपारचे नमुने घेण्याऐवजी एकाच दिवशी पहाटेपासून पहाटेपर्यंत दर तीन तासांनी नमुने घेतले, तर अहवाल छोटा होईल, पण खरा होईल.

वन्यजीवांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्यांना नान्नजचे आकर्षण असणे साहजिकच आहे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य मुळात सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. शेते, गावे आणि रस्तेही त्यात येत असल्याने ते पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात येथे माळढोकाचा दीर्घ अभ्यास केला. त्यानंतर लांडग्यांवर बिलाल हबीब यांचे काम झाले. या अभ्यासांमागे वर्षानुवर्षांचे वास्तव्य होते, ही गोष्ट पदवीच्या विद्यार्थ्याने नीट ध्यानात घ्यावी. माळढोक आता येथे दिसणेच दुर्मीळ झाले आहे, एका विणीत तो सहसा एकच अंडे जमिनीवर घालतो, आणि माणसाची वर्दळ त्याला सोसवत नाही. तेव्हा त्याच्या शोधात माळ तुडवणारा गट ज्ञानात भर घालण्यापेक्षा पक्ष्याच्या त्रासात भर घालण्याचीच शक्यता अधिक. शिवाय अभयारण्यात अभ्यासासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ अन्वये परवाना लागतो, आणि तो मिळण्यास लागणारा वेळ धरला नाही तर सत्र संपते पण कागद येत नाही. त्यापेक्षा गावरानातील गवताळ पट्ट्यावर, पंचायतीला सांगून, भटक्या कुत्र्यांची ये-जा, चराईच्या व बिनचराईच्या तुकड्यांतील चंडोलांची संख्या किंवा रस्त्याकडेच्या काळविटांचा रस्त्यापासून अंतर राखण्याचा कल यांसारखे प्रश्न घ्यावेत. हे प्रश्न लहान वाटतात, पण माळरान का बदलते आहे याचे उत्तर अशाच नोंदींतून उभे राहते. ज्या दिवशी काहीच दिसले नाही त्या दिवसाची शून्याची नोंदही तितक्याच काळजीने करावी. विद्यार्थी ती लाजेने गाळतात आणि सरासरी फुगते.

सुरक्षेविषयी एकच गोष्ट, पण ती टाळता येत नाही. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान उजनीत प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यातील वळवाचे वारे दुपारनंतर फार थोड्या वेळात उठतात, म्हणून एप्रिल-मेमधील जलाशयावरील काम सकाळी आटोपावे, तरंगजाकीट अंगावर असल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये, आणि उतरलेल्या पाण्याच्या काठचा गाळ वरून कोरडा दिसला तरी स्थानिक माणसाने आधी पाऊल टाकल्याशिवाय त्यात जाऊ नये. याबाबत विद्यार्थ्याच्या नव्हे तर शिक्षकाच्या निर्णयाला वजन असावे.

आता महाविद्यालयांकडून एक अपेक्षा. बहुतेक विभागांत सुबक बांधणीचे अहवाल कपाटात साठतात आणि पेन्सिलीने लिहिलेली, चिखलाचे डाग पडलेली मूळ वही विद्यार्थ्यासोबत घरी जाते; वास्तविक तारीख, वेळ, पाणीपातळी, जाळ्याची आस आणि शून्याचे दिवस त्या वहीतच असतात, आणि दहा वर्षांच्या अशा वह्या एकत्र आल्या तर उजनीच्या मासळीविषयी कोणत्याही एका अहवालाहून अधिक सांगतील. विभागप्रमुखांनी अहवालासोबत ही वही जमा करून घेतल्याशिवाय गुण देऊ नयेत, आणि पुढील वर्षीच्या गटाला विषय ठरवण्यापूर्वी आधीच्या वह्या वाचावयास द्याव्यात.