माना डोलतात, होकार मात्र येत नाही

प्रश्न : माझा मुलगा पुण्यातल्या एका कंपनीत आहे. जपानी ग्राहकांबरोबरच्या त्याच्या ऑनलाइन बैठका घरूनच चालतात. समोरची मंडळी दर वाक्याला ‘हाई, हाई’ (हो, हो) करत माना हलवतात. बैठक संपली की हा खूश, ‘आई, पटलं त्यांना!’ आणि आठवड्याने नकार येतो. हे लोक तोंडदेखलं बोलतात का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : तोंडदेखलं नाही हो, ते नीट ऐकत असतात. जपानी रिवाजात ऐकणाऱ्याने गप्प बसायचं नसतं. बोलणारा वाक्याच्या अधेमधे ‘ने’ जोडून किंचित थांबतो, आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याने ‘हाई’, ‘एए’, ‘नारुहोदो’ असं काहीतरी म्हणत मान हलवायची. याला तिकडे ‘आइझुची’ म्हणतात. फोनवर ती आली नाही, तर बोलणारा मध्येच ‘मोशी मोशी?’ करून लाइन चालू आहे ना, याची खात्री करून घेतो.

ही दाद संमतीची असूच शकत नाही. जपानी वाक्यात, मराठीसारखंच, क्रियापद शेवटी येतं आणि नकारही तिथेच. ‘ही किंमत आम्हाला परवडणार’ इथवर दोन ‘हाई’ होऊन गेलेले असतात. ‘नाही’ अजून यायचंच असतं.

खरं तर आपल्याला याचं नवल वाटू नये. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचा, गाण्याच्या बैठकीत समेवर मान हलवायची, हे आपल्या अंगवळणीच आहे. (बोलणाऱ्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकतो, ती खोड वेगळी.) फिनलंडमध्ये याच्या उलट. तिथे निमूटपणे ऐकून घेणं हाच शिष्टाचार. सारखं ‘हं हं’ केलं तर आपण बोलणं उरकायला लावतोय असं वाटायचं. हे झालं ऐकण्याचं, उत्तर देण्याच्या वेगात मात्र फरक बारीकच. दहा भाषांमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्यात किती वेळ जातो, हे संशोधकांनी मोजलं आणि २००९ साली प्रसिद्ध केलं. त्यात जपानी सर्वांत तत्पर निघाले आणि डॅनिश सर्वांत सावकाश, तेही सरासरी जेमतेम अर्ध्या सेकंदाने.

मग नकार उशिरा का? कारण जुन्या वळणाच्या जपानी कंपन्यांत निर्णय बैठकीत होतच नाही. प्रस्तावाचा कागद खालून वर शिक्के घेत फिरतो. बैठकीतल्या माणसाच्या हाती फारसं काही नसतं. नकाराची चाहूल मात्र तिथेच लागते. ‘हे जरा अवघड आहे’, ‘विचार करून बघतो’, किंवा दातांतून हवा ओढत घेतलेला लांब श्वास. यांतलं काही कानावर आलं, की काम बहुधा फिसकटलं असं समजावं.

मुलाला दोन गोष्टी सांगा. मान वर-खाली हलवायची, आपल्या सवयीने डावी-उजवीकडे डोलवायची नाही. जपानी माणसाला ती नकारासारखी दिसू शकते. आणि शेवटी ‘मान्य ना?’ असं विचारू नये, उत्तरादाखल पुन्हा ‘हाई’च येईल. त्याऐवजी ‘हे तुमच्याकडे कोणाकोणाला दाखवावं लागेल आणि कधीपर्यंत कळवाल?’ असं विचारावं, आणि ठरलेले मुद्दे त्याच दिवशी लिहून पाठवावेत.